बेळगाव भागात नवं बिऱ्हाड केलंय? करंट आणि गॅसचं बिल आवाक्यात ठेवायचं तर आधी हे करा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात नुकताच संसार मांडलेल्या जोडप्यांसाठी आणि चंदगड-गडहिंग्लजकडनं उद्यमबाग, मच्छे, काकतीला कामाला येऊन भाड्यानं खोली घेतलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. पगार ठरलेला, भाडं ठरलेलं, किराणा थोडाफार आवरता येतो, पण करंट बिल आणि गॅस हे दोन खर्च असे आहेत की कशामुळं वाढले तेच नव्या माणसाला कळत नाही, मग तो दिवे बंद करत फिरतो, पोरांना अंधारात बसवतो आणि बिल काय कमी होत नाही. दिव्यांनी बिल वाढतच नाही. वाढतं कशानं ते पुढं सांगते, पण त्याच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आपल्याकडं दोन आकडे महत्त्वाचे आहेत, एक म्हणजे गृहज्योती योजनेत तुमच्या मीटरला फ्री मिळालेले हक्काचे युनिट आणि दुसरा २००. हे दोन आकडे माहीत नसताना केलेली काटकसर निम्मी वाया जाते.

पलीकडच्या पाहुण्यांचा सल्ला इकडं लावू नका

आपल्या सगळ्यांचे नातेवाईक हद्दीच्या दोन्ही बाजूला. कोल्हापूरची बहीण फोनवर सांगते, शंभर युनिटच्या आत राहा, शंभर ओलांडले की दर वाढतो. तिचं बरोबर आहे, कारण तिकडं महावितरण आहे आणि तिथं ० ते १००, १०१ ते ३०० असे टप्पे आहेत. इकडं हेस्कॉम आहे (म्हातारी माणसं अजून केईबीच म्हणतात, दुकानात नाहीतर शेजारी विचारलं तर केईबी ऑफिस म्हणूनच पत्ता सांगतील) आणि इकडं घरगुती ग्राहकांचे टप्पे एप्रिल २०२४ पासून काढून टाकलेत. पहिल्या युनिटला जो दर तोच शेवटच्या युनिटला. कर्नाटक वीज नियामक आयोगानं २०२५-२६ साठी ठरवलेला घरगुती दर ५ रुपये ८० पैसे युनिट, त्यावर कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठी म्हणून ३६ पैसे युनिट, आणि वीज वापराच्या रकमेवर ९ टक्के टॅक्स. सगळं धरून युनिट पावणेसात रुपयाच्या आसपास पडतं. शिवाय त्याच वर्षासाठी मंजूर लोडच्या (म्हणजे तुमच्या कनेक्शनला जेवढ्या किलोवॅटची परवानगी आहे त्याच्या) प्रत्येक किलोवॅटला महिना १४५ रुपये फिक्स चार्ज. इंधन खर्चाचा म्हणून एक आकार दर महिन्याला थोडा वरखाली होतो तो वेगळा. दरवर्षी एप्रिलमध्ये हे आकडे बदलू शकतात म्हणून एप्रिलनंतरचं पहिलं बिल नीट वाचा, त्यावर दर छापलेला असतो.

बिल वाचायला शिका, कन्नड येत नसलं तरी

आपल्यातल्या बऱ्याच जणांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, आणि मीटर रीडर हातात ती लांबडी चिठ्ठी देऊन जातो ती तशीच खिळ्याला अडकवली जाते. पाच-सहा शब्द ओळखीचे झाले की काम भागतं. हिंदिन म्हणजे मागचं रीडिंग, इंदिन किंवा प्रस्तुत म्हणजे आताचं, बळके म्हणजे वापरलेले युनिट, निगदित शुल्क म्हणजे फिक्स चार्ज, तेरिगे म्हणजे टॅक्स, बाकी तर आपलीच बाकी, ठेवणी म्हणजे डिपॉझिट, ओट्टु म्हणजे एकूण. अक्षरं अजिबातच लागत नसतील तर मोबाईलमधलं फोटोवरनं भाषांतर करणारं अॅप धरा चिठ्ठीवर, कामापुरतं कळतं.

चिठ्ठीवरचे दोन नंबर वहीत उतरून ठेवा, आरआर नंबर (तुमच्या कनेक्शनचा नंबर) आणि दहा आकडी अकाऊंट आयडी. कुठल्याही ऑफिसात गेलात, फोन केलात, योजनेचा अर्ज भरलात तरी पहिल्यांदा हेच विचारतात. आणि चिठ्ठी आली की लगेच फोटो काढा, तो कागद थर्मल असतो, दोन-चार महिन्यात अक्षरं उडतात आणि नंतर तक्रार करायची म्हटलं तर हातात कोरा कागद.

मग एक काम दर महिन्याला करायचं. चिठ्ठीवरचं इंदिन रीडिंग आणि तुमच्या मीटरवरचा आकडा जुळतोय का बघायचं. मीटरच्या डिस्प्लेवर आकडे आलटून पालटून येतात, तारीख येते, वेळ येते, व्होल्टेज येतं, ज्या आकड्यापुढं केडब्ल्यूएच असतं तोच घ्यायचा. ज्या दिवशी घराला कुलूप होतं त्या महिन्यात रीडर अंदाजानं सरासरी टाकून जातो आणि पुढच्या महिन्यात सगळं एकदम अंगावर येतं, म्हणून गावाला जाणार असाल तर शेजारी सांगून ठेवा नाहीतर मीटर बाहेर दिसेल असा असू द्या.

गृहज्योती: अर्ज झालाय का, आणि तुमचे हक्काचे युनिट किती

घरगुती मीटरला ठराविक युनिट फ्री देणारी ही योजना कर्नाटक सरकारनं २०२३ मध्ये आणली, अर्ज जूनमध्ये सुरू झाले आणि जुलैच्या वापरापासून म्हणजे ऑगस्टच्या बिलापासून फायदा सुरू झाला. लोक सरसकट म्हणतात २०० युनिट फ्री. तसं नाहीये, आणि नव्या माणसाची पहिली फसगत इथंच होते.

२०२२-२३ या वर्षात त्या मीटरवर महिन्याला सरासरी जेवढा वापर होता त्यात १० टक्के वाढवून जो आकडा येतो तेवढे तुमचे फ्री युनिट. समजा सरासरी ८० होती, तर ८८. ज्यांची सरासरी अगदीच कमी होती त्यांना टक्क्यांऐवजी सरळ १० युनिट जादा द्यायचा निर्णय २०२४ च्या सुरुवातीला झाला. नवं घर, नवं मीटर, मागची सरासरीच नाही, अशांना राज्याची सरासरी ५३ धरून त्यावर १० टक्के म्हणजे ५८ युनिट.

आता ८८ हक्काचे असताना तुम्ही ८५ वापरले तर बिल शून्य, फिक्स चार्ज पण नाही. १०० वापरले तर वरच्या १२ युनिटचे पैसे, म्हणजे ८० रुपयांच्या आसपास. इथपर्यंत घाबरायचं काही नाही. पण वापर २०० च्या वर गेला की त्या महिन्यात फ्री काहीच नाही, पहिल्या युनिटपासून सगळं भरायचं. एकत्र कुटुंबात हे फार होतं. एखाद्या घराची सरासरी १८०, हक्काचे युनिट १९८. त्यांनी १९९ वापरले तर एका युनिटचे पैसे. २०५ वापरले आणि मंजूर लोड २ किलोवॅट असेल तर वर सांगितलेल्या दरानं हिशेब करा, ११८९ विजेचे, ७४ सरचार्ज, १०७ टॅक्स, २९० फिक्स, झाले १६६० रुपये. सहा युनिटच्या फरकानं! सहा युनिट म्हणजे इस्त्री सहा तास. म्हणून मोठ्या घरांनी महिन्याच्या मध्येच रीडिंग बघायची सवय लावावी, रीडिंग घेतल्यापासून वीस दिवस झाले आणि १३५ च्या पुढं गेलात तर शेवटचे दहा दिवस गीझर आणि इस्त्रीला हात आखडता घ्या.

तुमचा हक्काचा आकडा बिलावरच छापलेला असतो. नाही सापडला तर हेस्कॉमच्या आपल्या भागातल्या सेक्शन ऑफिसात विचारा, किंवा हेस्कॉमच्या १९१२ या नंबरला फोन लावा.

अर्जासाठी आधार, अकाऊंट आयडी आणि मोबाईल नंबर एवढं लागतं, सेवा सिंधू पोर्टलवर घरबसल्या होतं, नाहीतर ग्राम वन, कर्नाटक वन किंवा बापूजी सेवा केंद्रात जा. मीटर आजोबांच्या नावावर असलं आणि आजोबा वारले असले तरी राहणारा माणूस आपल्या आधारवर जोडू शकतो, त्यासाठी अडून बसू नका. एका माणसाला एकच मीटर. दुकानाच्या मीटरला मिळत नाही. वडगाव, शहापूर, खासबागकडं घरातच माग असतात, त्यांनी घराचं आणि मागाचं मीटर वेगळं आहे ना एवढं बघून घ्या, कारण घरगुती मीटरवर माग चालवला तर योजनेचा आकडा तर सोडाच, कनेक्शनचाच प्रश्न येतो.

भाड्याची खोली बघताना हे विचारल्याशिवाय अॅडव्हान्स देऊ नका

माझ्या मते भाडेकरूचं बिल पहिल्या महिन्यात ठरत नाही, खोली बघायला जातो त्या दिवशी ठरतं. भाडं पाचशेनं कमी आहे म्हणून खोली घेतली आणि करंटमध्ये सातशे जायला लागले असं कितीतरी जणांचं होतं.

पहिला प्रश्न, खोलीला स्वतंत्र मीटर आहे का, म्हणजे स्वतःचा आरआर नंबर असलेलं, नुसतं मालकानं लावलेलं सबमीटर नव्हे. तीन बिऱ्हाडं एकाच मीटरवर असतील आणि प्रत्येकाचे ८० युनिट जळत असतील तर मीटरवर दिसतात २४०, म्हणजे २०० च्या वर, म्हणजे योजना गेली, सगळ्यांनी पूर्ण भरायचं. तेच तीन वेगळी मीटरं असती आणि प्रत्येकाला नव्या घराचे ५८ मिळाले असते तरी २२-२२ युनिटचेच पैसे पडले असते. हे मालकाला कागदावर मांडून दाखवा, बरेच मालक ऐकतात, कारण वेगळं मीटर असलं की खोली पण लवकर जाते.

दुसरा प्रश्न, या मीटरला गृहज्योती कुणाच्या आधारवर जोडलेली आहे. मागचा भाडेकरू तसाच सोडून गेला असेल किंवा मालकानं स्वतःच्या आधारवर जोडली असेल. भाडेकरूला स्वतःच्या नावानं अर्ज करता येतो, भाडेकरार किंवा त्या पत्त्याचं मतदार ओळखपत्र लागतं. तुम्ही आधी दुसऱ्या घरात राहून फायदा घेत होता तर जुनं मीटर आधी आधारपासनं सोडवून घ्यावं लागतं, सेवा सिंधूवर डी-लिंक म्हणून सोय आहे, २०२४ पासून. ते केल्याशिवाय नवीन घर जोडलं जात नाही. खोली सोडताना तुम्ही पण डी-लिंक करून जा, मागनं येणाऱ्याची पायपीट वाचते. नव्या घरात किती युनिट धरणार ते सेक्शन ऑफिसात विचारून घ्या आणि मगच महिन्याचा हिशेब मांडा.

तिसरं, राहायला जायच्या दिवशी मीटरचा फोटो, आकडा स्पष्ट दिसेल असा, आणि तो मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवायचा. मागची बाकी किती आहे ते पण शेवटच्या बिलावर बघा. भांडण करायला नव्हे, भांडण होऊ नये म्हणून.

सबमीटरचीच खोली घ्यावी लागली तर युनिटला किती रुपये ते आधी बोलून घ्या. मालक आठ-दहा रुपये सांगत असेल तर वर दिलेला पावणेसातचा हिशेब शांतपणे समोर ठेवा, फिक्स चार्जचा वाटा धरून थोडं वर मागितलं तर समजू शकतं.

युनिट कुठं जातात ते शोधा

साधा नियम, एक हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. प्रत्येक वस्तूवर मागं कुठंतरी वॅट लिहिलेले असतात, ते बघा आणि तास मोजा.

नऊ वॅटचा एलईडी बल्ब रोज सहा तास लावला तरी महिन्याला दीड-पावणेदोन युनिट. दोन हजार वॅटचा गीझर रोज एक तास लावला तर महिन्याला ६०. बघा फरक. जे काही पाणी तापवतं, भांडं तापवतं, कपडा तापवतं ते युनिट खातं, जे उजेड देतं ते नाही.

आता आंघोळीचं पाणी. पंधरा लिटरची बादली, नळाचं पाणी २० अंश धरा, ते ४५ अंशापर्यंत न्यायचं तर जवळजवळ अर्धं युनिट लागतं, गीझर असो नाहीतर रॉड, भौतिकशास्त्र तेच. चार माणसं, चार बादल्या, दिवसाला दोन युनिटला थोडं कमी, महिन्याला ५५ युनिट. तेच पाणी गॅसवर पातेल्यात तापवलं तर बरीच उष्णता बाजूनं उडून जाते, एका बादलीला ५५-६० ग्रॅम गॅस, चार बादल्यांना महिन्याला सातेक किलो, म्हणजे १४.२ किलोचा निम्मा सिलिंडर निव्वळ आंघोळीत. गॅस महिना पुरत नाही म्हणणाऱ्या घरात पहिल्यांदा मी हेच विचारते, पाणी कशावर तापवता.

मग काय करायचं? हक्काचे युनिट शिल्लक राहत असतील तर पाणी करंटवर तापवा आणि गॅस वाचवा, हे सरळ आहे. ५८ युनिटवाल्या नव्या घरात मात्र हा हिशेब बसत नाही, तिथं वरच्या युनिटचे पैसे आणि निम्म्या सिलिंडरचे पैसे कागदावर शेजारी शेजारी लिहून बघा. आणि आपल्या भागात बंब आहे की. खानापूरकडं, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदीकडं अजून घरोघरी तांब्याचा बंब आहे, शेणी, नारळाच्या शेंड्या, वाळका पाला, शेतातलं धसकट यावर सगळ्या घराच्या आंघोळी होतात. जळण विकत न घेता मिळत असेल तर बंबासारखं स्वस्त काही नाही. फक्त बंब मागच्या पडवीत किंवा अंगणात ठेवा, बंद बाथरूममध्ये धूर कोंडू देऊ नका, लहान पोरं आणि म्हाताऱ्यांच्या छातीला तो बाधतो. गॅस गीझर बसवलाय तर खिडकी उघडी पाहिजे म्हणजे पाहिजेच, कोंडलेल्या बाथरूममध्ये त्यातनं माणसं दगावलेली आहेत.

रॉड वापरणाऱ्यांनी बटण बंद करून, पिन काढून मगच पाण्यात हात घालायचा, घरातल्या प्रत्येकाला हे बजावून ठेवा. आणि गीझर आंघोळीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी लावायचा, झालं की बंद. सकाळी सहाला लावून नऊपर्यंत चालूच, असं बऱ्याच घरात असतं, टाकीतलं पाणी थंड होत राहतं आणि तो परत तापवत राहतो. चौघांनी पाठोपाठ आंघोळ उरकली तरी पुष्कळ फरक पडतो.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला पाहिजे कारण बाहेरून आलेल्यांना इथला पाऊस माहीत नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगाव-खानापूर पट्ट्यात कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. मग घरात दोरी बांधायची आणि रात्रभर फॅन सोडायचा. साधा जुना फॅन ७५ वॅटचा, दहा तासांचं पाऊण युनिट, महिनाभर रोज केलं तर २२ युनिट. त्यात गार हवेमुळं गीझर जास्त. म्हणून पावसाळ्यात बिल फुगतं आणि लोकांना वाटतं मीटर पळतंय. कपडे मशीनमधनं किंवा हातानं जेवढे घट्ट पिळता येतील तेवढे पिळा, पडवीत वाऱ्याला लावा, आणि शेवटचा ओलसरपणा काढायला दोन तास फॅन पुरतो. जाड चादरी, बेडशीट जूनच्या आधी धुऊन घेतलेल्या बऱ्या.

फॅन बदलायचा विषय निघालाच आहे म्हणून, बीएलडीसी फॅन (नव्या पद्धतीच्या, कमी करंट खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास घेतो, बारा तासाला जुन्या फॅनचे महिन्याला २७ युनिट तर याचे ११. युनिटचे पैसे भरत असाल तर महिन्याला शंभर रुपये वाचले, दोन-अडीच वर्षात फॅनची किंमत वसूल. पण ज्यांचं बिल शून्य येतंय त्यांनी तीन हजाराचा फॅन घ्यायची काही घाई नाही, जुना मोडला की घ्या.

फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नका, दारात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर गेलंय, ते बदलून मिळतं. सेकंड हँड जुना फ्रिज स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांना मी नेहमी अडवते, दोन-तीन हजार वाचतात आणि दर महिन्याला युनिटमधनं जातात. सेटटॉप बॉक्स चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला सात युनिट, रात्री मेन बटण बंद करा. पाण्याची एक एचपीची मोटर तासाला साधारण एक युनिट, टाकी भरून वाहायला लागली तरी चालू राहिली तर पाणी आणि करंट दोन्ही गेलं.

एक तपासणी सगळ्यांनी करावी, काही खर्च नाही. घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजची पिन पण काढा, आणि मीटरवरचा लाल बारीक दिवा बघा. तो वापरानुसार लुकलुकतो. सगळं बंद असताना पण लुकलुकत राहिला तर कुठंतरी वायरिंगमधनं करंट मुरतोय किंवा तुमच्या लाईनवर दुसऱ्या कुणाची तरी वायर आहे. मीटरजवळचा मेन स्विच पाडा. तरी पण दिवा चालू राहिला तर मीटरची तक्रार द्या, थांबला तर घरातल्या वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियन बोलवा. जुन्या कौलारू घरांत पावसाळ्यात भिंत ओली होते तेव्हा ही तपासणी जरूर करा, बिलापेक्षा शॉकची भीती मोठी आहे.

गॅस

सिलिंडर लावला त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा, संपला की परत. दोन-तीन सिलिंडरनंतर आपल्या घराला किती दिवस पुरतो ते कळतं, आणि एखादा आठ-दहा दिवस आधीच संपला तर लगेच लक्षात येतं. घेताना वजन करून मागा, डिलिव्हरीवाल्याकडं काटा असायला पाहिजे आणि मागायचा तुम्हाला हक्क आहे. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच रंगवलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा. वरच्या पट्टीवर अ-ब-क सारखं इंग्रजी अक्षर आणि वर्ष असतं, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून असं पुढं, ती तपासणीची मुदत, उलटून गेलेला सिलिंडर घेऊ नका.

उज्ज्वला कनेक्शन असेल तर सिलिंडरमागं ३०० रुपये सबसिडी खात्यात येते, २०२५-२६ साठी वर्षाला ९ सिलिंडरपर्यंत. येत नसेल तर बहुतेक वेळा ईकेवायसी किंवा खात्याला आधार जोडणी अडलेली असते, एजन्सीत जाऊन अंगठा देऊन या. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना दोन हजार ज्या घरात येतात तिथं बऱ्याच बायका गॅसचे पैसे त्यातनं बाजूला काढतात, पण ते कधी उशिरा जमा होतात, म्हणून सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. एकदम सिलिंडरचे पैसे जमत नसतील तर पाच किलोचा छोटा सिलिंडर पण मिळतो, मात्र किलोमागं भाव विचारून घ्या.

स्वयंपाकात जे खरंच फरक पाडतं तेवढंच सांगते. डाळ, मसूर, वाटाणा भिजवून मग कुकरला. तांदूळ धुऊन वीस मिनिटं ठेवला की लवकर शिजतो. शिट्टी झाली की आच बारीक, मोठ्या आचेवर पुढच्या शिट्ट्या काढणं म्हणजे वाफ हवेत सोडणं. एकाच कुकरमध्ये खाली डाळ वर भात. भाकऱ्या एका बैठकीत सगळ्या करा, तवा एकदा तापला की त्याचा पुरता उपयोग करून घ्यायचा, सकाळी चार आणि दुपारी परत तवा तापवून तीन असं नको. फ्रिजमधलं दूध आधी बाहेर काढून ठेवा. ज्योत निळी पाहिजे, पिवळी येत असेल, भांड्याचा बुडखा काळा होत असेल तर बर्नर काढून सुईनं भोकं साफ करा. नळीवर पण तारीख असते, पाच वर्षं झाली की बदला. वास आला तर बटणं न दाबता रेग्युलेटर बंद करून दारं उघडा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन लावा.

घरात हक्काचे युनिट उरत असतील तर एखादा इंडक्शन चहा-दुधासाठी ठेवायला हरकत नाही. ज्यांचे उरत नाहीत त्यांनी इंडक्शनच्या जाहिरातीला भुलू नये.

सोलर घ्यावं का

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, छतावरच्या एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्याच्या वर ७८ हजार सबसिडी. गावोगावी एजंट फिरतायत. माझं स्पष्ट मत, ज्यांचं बिल गृहज्योतीत शून्य येतंय किंवा शंभर-दीडशे येतंय त्यांनी कर्ज काढून सोलर बसवू नये, वाचणार काय आणि हप्ता भरणार कशातनं? ज्यांचा वापर दर महिन्याला २०० च्या वर आहे, स्वतःचं घर आहे, छतावर दिवसभर ऊन आहे, त्यांनी मात्र जरूर विचार करावा.

२०० च्या वरच्याच लोकांनी मंजूर लोड पण बघावा. बिलावर तीन किलोवॅट असेल आणि घरात फॅन, टीव्ही, फ्रिज, मिक्सर एवढंच असेल तर लोड कमी करायचा अर्ज देता येतो, किलोवॅटमागं १४५ रुपये दर महिन्याला वाचतात. गीझर असेल तर कमी करायच्या भानगडीत पडू नका.

बिल चुकलं, डिपॉझिट मागितलं, धमकीचा मेसेज आला

बिल अचानक दुप्पट आलं तर आधी रीडिंग जुळवा. रीडिंग चुकीचं असेल तर मीटरचा फोटो आणि बिलाचा फोटो घेऊन सेक्शन ऑफिसात जा, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या, तोंडी सांगून आलात तर पुढच्या महिन्यात ते कुणाच्या लक्षात नसतं. अर्ज कन्नडमध्ये लिहून दिला तर काम पुढं लवकर सरकतं, ग्राम वनमधली पोरं लिहून देतात. मीटरवरच संशय असेल तर फी भरून तपासणी मागता येते. तिथं दाद लागली नाही तर जिल्ह्याला ग्राहक तक्रार निवारण मंच आहे.

वर्षातनं एकदा अॅडिशनल डिपॉझिट म्हणून जादा रक्कम लागून येते. ती फसवणूक नाही. तुमच्या सरासरी दोन महिन्यांच्या बिलाएवढी ठेव त्यांच्याकडं असावी लागते, वापर वाढला की फरक मागतात. त्यावर व्याज मिळतं आणि ते बिलातच जमा होतं, बिलावर बड्डी लिहिलेलं दिसेल ते व्याज. एकदम झेपत नसेल तर ऑफिसात जाऊन हप्ते पाडून मिळतील का विचारा. विचारायला लाजू नका.

बाकी ठेवून गप्प बसणं सगळ्यात वाईट. करंट तोडला की जोडायचा चार्ज वेगळा आणि घरात लहान पोरं असली की हाल वेगळे. तारखेच्या आधी निम्मे का होईना भरता येतील का विचारा, काउंटरवरचा माणूस पण आपल्यासारखाच संसारी असतो.

आणि आज रात्री तुमचा करंट तोडणार, या नंबरवर फोन करा, हे अॅप टाका, दहा रुपये भरा, असा मेसेज आला तर तो चोराचा. हेस्कॉमचा माणूस मोबाईलवर अॅप टाकायला सांगत नाही, ओटीपी मागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये १९१२ सेव्ह करून ठेवा आणि त्यांना सांगा, काही वाटलं तर याच नंबरला विचारायचं. कुणी फसलंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० ला फोन लावायचा, जितका लवकर लावाल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.